लघुमूर्तींवरील सावली : 'वॉश'चे प्रकार आणि त्यांची पारख

टेबलावर मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांतील छोट्या मूर्ती बाजारात मिळतात त्या बहुधा राखाडी प्लॅस्टिकच्या, बिनरंगाच्या आणि सुट्या भागांत. त्या जोडणे व रंगविणे हा खेळाइतकाच, किंबहुना अनेकांच्या बाबतीत खेळाहूनही मोठा छंद आहे. या रंगकामात ज्या एका पातळ द्रवाने सर्वाधिक वेळ वाचविला आणि सर्वाधिक वादही निर्माण केले, तो म्हणजे 'वॉश'. नुसता रंग भरलेल्या मूर्तीवर हा द्रव एकदा फिरविला, की तो खाचाखोचांत उतरतो, उंचवट्यांवरून ओसरतो आणि वाळल्यावर सावली मागे ठेवतो. निदान तसे अपेक्षित असते. प्रत्यक्षात तोच द्रव सपाट पाठीवर चहाच्या कपाखालच्या डागासारखे वर्तुळही उठवतो. कोणता वॉश कोठे वापरावा, या प्रश्नाचे उत्तर रंगाच्या छटेपेक्षा या वागणुकीत अधिक दडलेले आहे.

येथे शब्दांचा एक घोळ दूर केलेला बरा. मराठीत 'मिनिएचर' म्हटले की राजस्थानी, पहाडी लघुचित्रे डोळ्यांपुढे येतात. येथे विषय आहे तो सुमारे २८ मिलिमीटर उंचीच्या मूर्तींचा. त्यांना सोयीसाठी 'लघुमूर्ती' म्हणता येईल. त्याचप्रमाणे बंगाल शैलीतील चित्रकारांच्या 'वॉश' तंत्राशी या वॉशचा नावापलीकडे फारसा संबंध नाही.

सावली रंगवावी का लागते?

दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे आठवले तर या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. अंगरखा पांढरा, पगडी लाल, ढाल काळी असे सपाट रंग दुरून शोभतात. पण मावळा हातात घेतला की नाक, गाल आणि मिशी एकमेकांत मिसळून जातात. दोष रंगाऱ्याचा नसतो, आकाराचा असतो. पायापासून डोळ्यांपर्यंत २८ मिलिमीटर भरणारा माणूस म्हणजे खऱ्या माणसाचा सुमारे साठावा भाग. खऱ्या झग्यावरील पाच सेंटिमीटर खोल घडी या प्रमाणात एक मिलिमीटरहूनही उथळ होते. दिवाणखान्यातल्या दिव्याच्या उजेडात इतक्या उथळ घडीत डोळ्याला जाणवेल अशी सावली पडत नाही. म्हणून ती रंगाने दाखवावी लागते.

ती दाखविण्याचा जुना आणि अजूनही सर्वांत देखणा मार्ग म्हणजे थरांवर थर चढविणे. गडद छटेपासून आरंभ करून प्रत्येक थर थोडा फिकट, थोड्या कमी भागावर. एका मूर्तीसाठी ही पद्धत आनंदाची आहे. साठ शिपायांच्या फौजेसाठी मात्र ती महिनोन्‌महिने पुरते, आणि फौज अर्धवट रंगवून कपाटात पडून राहते. वॉशचे महत्त्व या व्यवहारात आहे. स्पर्धेत मांडायच्या मूर्तीसाठी तो एकटा कधीच पुरेसा नसतो. टेबलावर हातभर अंतरावरून पाहायच्या फौजेसाठी बहुतेक वेळा असतो.

इंकपासून 'डेव्हलन मड'पर्यंत

छोट्या सैनिकांचे खेळ ब्रिटनला नवे नाहीत. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' या पुस्तकात घरातल्या खेळण्यातील शिपायांसाठी युद्धाचे नियम मांडले होते. तथापि आजच्या स्वरूपातील छंदाला आकार दिला तो गेम्स वर्कशॉप या कंपनीने. १९७५ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या या कंपनीचे मुख्यालय पुढे नॉटिंगहॅम येथे गेले. तिचा 'वॉरहॅमर' हा खेळ १९८३ मध्ये आणि 'वॉरहॅमर ४०,०००' हा १९८७ मध्ये आला. मूर्ती आणि रंग 'सिटाडेल' या नावाने विकले जात.

सुरुवातीच्या काळात खाचांसाठी 'इंक' वापरली जाई. ती भडक, चकाकणारी आणि हट्टी असे. पाणी घालून पातळ केली तरी वाळल्यावर तिची तकाकी जात नसे, आणि लोकरीचा झगा रेनकोटसारखा दिसे. दुसरीकडे रणगाडे आणि विमानांच्या प्रतिकृती बनविणारे लोक तैलरंग किंवा एनॅमल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून वापरत. बेल्जियमचे फ्रान्स्वा व्हर्लिंडेन यांच्यासारख्या प्रतिकृतिकारांनी वॉश आणि त्यावर कोरडा कुंचला ही जोडी त्या वर्तुळात लोकप्रिय केली. युद्धखेळातील शाळकरी मुलांना मात्र टर्पेंटाइनचा वास आणि दिवस-दिवस वाळण्याची वाट पाहणे परवडणारे नव्हते.

२००९ मध्ये सिटाडेलने पाण्यात मिसळणारे आठ तयार वॉश बाजारात आणले आणि चित्र पालटले. त्यांतील 'डेव्हलन मड' हा तपकिरी आणि 'बडाब ब्लॅक' हा काळा, या दोन बाटल्यांनी छंदाची भाषाच बदलली. कालपर्यंत ज्यांना सावली जमत नव्हती, त्यांच्या मूर्ती एका हातात सुसह्य दिसू लागल्या. 'बाटलीतले कौशल्य' असे त्यांचे थट्टेने, पण कौतुकाने नाव पडले.

तीनच वर्षांनी, २०१२ मध्ये, कंपनीने आपली सारी रंगमाला बदलली. वॉशच्या जागी 'शेड' या नावाने बारा रंग आले. बडाब ब्लॅकऐवजी 'नल्न ऑइल' आणि डेव्हलन मडऐवजी 'अ‍ॅग्रॅक्स अर्थशेड' घ्यावे, असे सुचविण्यात आले. नल्न ऑइलच्या नावात तेल असले तरी तो पाण्याचाच वॉश आहे, हे नवख्यांनी लक्षात ठेवावे. अ‍ॅग्रॅक्स चांगलाच होता; पण तो डेव्हलन मड नव्हता. अर्धी फौज जुन्या बाटलीने रंगविलेली आणि उरलेली अर्धी नव्या, असा प्रसंग ज्यांच्यावर आला, त्यांना दोन तुकड्या शेजारी ठेवताच फरक दिसला. शिल्लक राहिलेल्या डेव्हलन मडच्या बाटल्या जपून, थेंबाथेंबाने वापरल्या गेल्या.

२०२२ मध्ये तोच प्रकार पुन्हा घडला. या वेळी नावे तीच राहिली, घटकद्रव्ये बदलली. पूर्वीच्या २४ मिलिलिटरऐवजी १८ मिलिलिटरची डबी आली. नवा द्रव सपाट भागावर कमी रेंगाळतो आणि खाचेत अधिक नेमका उतरतो. तांत्रिकदृष्ट्या ही सुधारणाच आहे. परंतु जुना अ‍ॅग्रॅक्स उंचवट्यांवरही एक मळकट तपकिरी झाक सोडत असे, आणि अनेकांना हवी होती ती नेमकी तीच झाक. चामडे, जुने कापड, चिखलात चाललेली फौज यांना तिच्यामुळे एकजीव रूप येत असे. नाव सारखे म्हणून द्रवही सारखाच असेल, असे गृहीत धरून काम पुढे नेणाऱ्यांची या बदलात सर्वाधिक फसगत झाली.

द्रव वाळताना काय होते?

वॉशमध्ये चार गोष्टी असतात : रंगद्रव्याचे सूक्ष्म कण, ते धरून ठेवणारे अ‍ॅक्रिलिक बंधक, भरपूर पाणी आणि पाण्याचा पृष्ठताण कमी करणारे द्रव्य. शेवटचा घटक सर्वांत कमी प्रमाणात असतो आणि सर्वांत जास्त काम करतो. नुसत्या पाण्यात रंग कालवून मूर्तीवर लावला तर पृष्ठताणामुळे त्याचे थेंब बनतात; अळूच्या पानावरील पाण्यासारखे ते जागच्या जागी बसून राहतात. पृष्ठताण कमी झाला की द्रव पसरतो, आणि पसरल्यावर केशाकर्षणाने अरुंद फटींकडे ओढला जातो. खाचेत द्रवाचा थर जाड, उंचवट्यावर पातळ. पाणी उडून गेल्यावर जाड थराच्या जागी रंगद्रव्य अधिक उरते. सावली म्हणून जे दिसते ते एवढेच.

सपाट जागेवर मात्र केशाकर्षणाला ओढायला फट नसते. तेथे द्रवाचे तळे साचते आणि त्याची कडा मधल्या भागापेक्षा लवकर वाळते. कडेवरचे उडालेले पाणी भरून काढण्यासाठी मधला द्रव कडेकडे वाहतो आणि जाताना कणही घेऊन जातो. सांडलेल्या कॉफीचा डाग कडेला गडद आणि मध्ये फिका का असतो, याचे हे स्पष्टीकरण शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी १९९७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात मांडले. चिलखताच्या खांद्यावर किंवा रणगाड्याच्या छतावर उठणारी वर्तुळे याच नियमाने उठतात.

यावरून उपायही कळतो. सपाट भागावर तळे साचू द्यायचे नाही. साचलेच तर ओलसर, पिळून घेतलेल्या कुंचल्याच्या टोकाने ते लगेच शोषून घ्यायचे. 'लगेच' हा शब्द महत्त्वाचा. अर्धवट वाळलेल्या थराला कुंचला लागला तर त्याची साय फाटते आणि खालचा रंग उघडा पडतो. तेवढा डाग राहू द्यावा, पूर्ण वाळू द्यावा आणि मग मूळ रंगाने झाकावा. घाईघाईने केलेली दुरुस्ती मूळ डागापेक्षा अधिक दिसते.

वॉश फार गडद वाटला म्हणून त्यात नळाचे पाणी ओतणे ही सर्रास होणारी चूक. पाण्याने बंधक विरळ होते, पृष्ठताण पुन्हा वाढतो आणि कडेचे वर्तुळ अधिक ठळक होते. वॉश फिका करायचा तो पाण्याने नव्हे, मीडियमने. म्हणजे रंगद्रव्य नसलेल्या, पण बंधक असलेल्या पारदर्शक द्रवाने. सिटाडेलचे 'लाहमियन मीडियम' किंवा इतर कंपन्यांचे मॅट मीडियम या कामासाठी चालते. मीडियम किंचित दाट असल्याने कण कडेकडे वाहण्याचा वेगही मंदावतो.

आणखी एक दुर्लक्षित बाब म्हणजे बाटली हलविणे. वॉशची तकाकी मारण्यासाठी त्यात अतिसूक्ष्म पांढरट भुकटी मिसळलेली असते. महिनाभर ठेवलेल्या बाटलीत ती तळाशी बसते. न हलविता वरचा द्रव वापरला तर मूर्ती चकाकते. आणि तळाचा गाळ अर्धवट ढवळून वापरला तर खाचांत पिठूळ पांढरी छटा उठते. 'या कंपनीचा वॉश चकाकतो' अशा तक्रारींपैकी काहींचे मूळ कंपनीत नसून न हलविलेल्या बाटलीत असते.

कोणाचा वॉश कसा?

तयार पाण्याच्या वॉशमध्ये तीन नावे सर्वाधिक आढळतात. सिटाडेलबद्दल वर आलेच आहे. त्याचा एक व्यावहारिक दोष सांगायला हवा : झाकण उघडे ठेवून वापरायची त्याची डबी सहज कलंडते. सांडलेल्या नल्न ऑइलवरचे विनोद या छंदात इतके रूढ आहेत, की त्यामागे बरीच टेबले खराब झाली असावीत.

डेन्मार्कच्या आर्मी पेंटर या कंपनीने 'सॉफ्ट टोन', 'स्ट्राँग टोन' आणि 'डार्क टोन' अशी साधी नावे ठेवली. पहिला मधासारखा पिवळसर, दुसरा मातकट तपकिरी, तिसरा जवळजवळ काळा. स्ट्राँग टोन हा डेव्हलन मडच्या सर्वांत जवळचा, असे मानणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि जुन्या फौजा पूर्ण करणाऱ्यांनी त्याचाच आधार घेतला. स्पेनच्या व्हालेखो कंपनीचे वॉशही थेंब पाडणाऱ्या चोचीच्या बाटलीत मिळतात. ही चोच दिसते तितकी किरकोळ सोय नव्हे. तीन थेंब वॉश, दोन थेंब मीडियम हे प्रमाण मोजता येते, कागदावर लिहिता येते आणि सहा महिन्यांनी तसेच पुन्हा करता येते. डबीतून कुंचल्याने उचललेल्या द्रवाचे मोजमाप होत नाही. एकच मूर्ती रंगविणाऱ्याला याचे काही वाटणार नाही; फौज रंगविणाऱ्याला हा गुण छटेहून मोलाचा वाटायला हवा.

आर्मी पेंटरचे 'क्विकशेड' या नावाचे मूळ उत्पादन मात्र पाण्याचे नव्हे. ते पत्र्याच्या डब्यात मिळणारे, रंग मिसळलेले पॉलियुरेथेन वार्निश. रंगविलेली मूर्ती चिमट्यात धरून त्यात बुडवायची, जोरात झटकायची आणि वाळत ठेवायची. अमेरिकेतील खेळाडू लाकडावर लावायच्या रंगीत वार्निशने हेच पूर्वीपासून करीत असत. फायदे दोन : वेग, आणि सावलीबरोबर मिळणारे टणक कवच. तोटा असा, की एक-दोन दिवस वाळल्यानंतर मूर्ती काचेसारखी चमकते आणि तिच्यावर मॅट वार्निशचा फवारा मारावाच लागतो. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर या काळात हा फवारा जपून मारावा. हवेत दमटपणा फार असेल तर फवाऱ्यातील मॅट वार्निश धुरकट पांढरे पडते आणि आठवड्याची मेहनत धुक्यात जाते. पावसाळ्यात कुंचल्याने लावायचे मॅट वार्निश अधिक भरवशाचे. पाण्याचा वॉशही या दिवसांत सावकाश वाळतो, तेव्हा वेष्टनावर लिहिलेल्या वेळेवर विसंबू नये. केस वाळविण्याचे यंत्र फार जवळ धरले, तर वाऱ्याने द्रव खाचेतून बाहेर ढकलला जातो.

२०१९ मध्ये सिटाडेलने 'कॉन्ट्रास्ट' रंग आणले. हे वॉश आहेत की रंग, यावर बरीच चर्चा झाली. ते फिकट अस्तरावर थेट लावायचे असतात. मूळ रंग आणि सावली एकाच हातात मिळावी हा उद्देश. दाट आणि गडद असल्याने ते आधीच रंगविलेल्या भागावर वॉश म्हणून चालत नाहीत. मीडियम घालून बरेच पातळ केल्यावर चालतात. आर्मी पेंटरने २०२२ मध्ये त्याच धर्तीवर 'स्पीडपेंट' काढले. त्याच्या पहिल्या आवृत्तीत एक गंभीर उणीव होती : वाळलेल्या थरावर दुसरा ओला रंग लावला की खालचा थर पुन्हा विरघळून वर येई. लाल झग्यावर पांढरे चिन्ह काढायला जावे आणि ते गुलाबी व्हावे, असे अनुभव आले. २०२३ मधील दुसऱ्या आवृत्तीत हा दोष दूर करण्यात आला. जुन्या साठ्यातील बाटली घेताना आवृत्ती तपासावी.

तेलाचा वॉश : सावकाश, पण आज्ञाधारक

पाण्याचा वॉश एकदा वाळला की परतीचा मार्ग नसतो. तेलाच्या वॉशचे वैशिष्ट्य नेमके उलटे आहे. ट्यूबमधला बर्न्ट अंबर आणि थोडा काळा तैलरंग मिनरल टर्पेंटाइनमध्ये चहाइतका पातळ करून लावायचा. अर्ध्या तासात टर्पेंटाइन उडून जाते, रंग मात्र ओलाच राहतो. मग स्पंजच्या तुकड्याने किंवा कापसाच्या काडीने उंचवट्यांवरचा रंग पुसून काढायचा. खाचेत हवा तेवढा ठेवायचा, नको तेवढा काढायचा. मन बदलले तर टर्पेंटाइनमध्ये भिजविलेल्या कुंचल्याने सगळा काढून पुन्हा आरंभ करायचा. वर्तुळे उठत नाहीत, आणि उठली तरी पुसता येतात.

सपाट पृष्ठभाग, चिलखते आणि वाहने यांसाठी या पद्धतीला तोड नाही. खर्चही कमी. रंगाची एक ट्यूब कित्येक फौजांना पुरते, आणि त्यासाठी परदेशी बाटली मागवावी लागत नाही. मुंबईत १९३१ मध्ये दांडेकर यांनी सुरू केलेल्या कॅम्लिनचे 'कॅमल' तैलरंग चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानांत मिळतात आणि या कामाला ते पुरेसे आहेत.

अटी मात्र पाळाव्या लागतात. खालचा अ‍ॅक्रिलिक रंग पूर्ण वाळलेला हवा आणि त्यावर चकाकणाऱ्या वार्निशचा एक हात हवा. खरबरीत मॅट पृष्ठभाग तेलाचा रंग धरून ठेवतो आणि पुसल्यावर सर्वत्र मळकट झाक राहते. गुळगुळीत वार्निशवर तोच रंग खाचेच्या एका टोकाला टेकवताच दुसऱ्या टोकापर्यंत आपोआप धावतो. टर्पेंटाइन प्लॅस्टिकच्या ताणाखाली असलेल्या जोडांत साचू देऊ नये, जोड ठिसूळ होऊन तडकण्याचा संभव असतो. खिडक्या उघड्या हव्यात, ज्योत जवळ नको, आणि लहान मुले असलेल्या घरात ही पद्धत टाळलेलीच बरी. त्यावर पुन्हा अ‍ॅक्रिलिक काम करायचे असेल तर काही दिवस थांबावे लागते. शनिवारी सकाळी आरंभ करून रविवारी संध्याकाळी खेळायला बसणाऱ्याने तेलाच्या वाटेला जाऊ नये.

छटा निवडताना

काळा वॉश सर्वत्र चालतो, हा समज सर्वांत टिकाऊ आणि सर्वांत नुकसानकारक. पोलाद, बंदुकीच्या नळ्या, काळपट कापड यांवर काळा उत्तम. पिवळ्यावर तो लावला की पिवळा शेवाळी हिरवट होतो, कारण पिवळ्यात काळा मिसळला की तीच छटा निघते. पिवळ्याला तपकिरी किंवा नारिंगी-तपकिरी वॉश लागतो. लालवर गडद तपकिरी किंवा जांभळट, हिरव्यावर गडद हिरवा किंवा तपकिरी, सोन्यावर तांबूस तपकिरी. पांढऱ्यावर सर्वांगाला वॉश देऊच नये. तेथे फिकट राखाडी किंवा निळसर द्रव बारीक कुंचल्याने फक्त घड्यांच्या रेघांत सोडावा. गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांच्या रेषा काढण्याला 'आखणी' म्हणतात. पांढऱ्या चिलखतावरील हे काम जवळजवळ तसेच, स्थिर हाताचे आहे.

त्वचेच्या बाबतीत तयार वॉश एका गृहीतकावर बेतलेले असतात. 'राइकलँड फ्लेशशेड' हा तांबूस वॉश गोऱ्या, गुलाबी त्वचेवर जिवंतपणा आणतो. गव्हाळ रंगावर त्याचा परिणाम निम्म्याने कमी होतो, आणि सावळ्या रंगावर तो जवळपास दिसतच नाही. तेथे तपकिरीत थोडा जांभळा मिसळलेला गडद वॉश घ्यावा आणि नाक, गाल, कपाळ यांवर मूळ रंगापेक्षा उजळ छटा पुन्हा द्यावी. मावळ्यांच्या किंवा मराठा घोडदळाच्या लघुमूर्ती रंगविणाऱ्यांनी इंग्रजी मार्गदर्शिकांतील त्वचेचा कोष्टक जसाच्या तसा उचलू नये.

सर्वांगाला दिलेला वॉश खालचा रंग एका छटेने गडद करतो. त्यामुळे मूळ रंगच थोडा उजळ निवडणे हा शहाणपणा. धातूवर आणखी एक अडचण येते : मॅट वॉश धातूची चमकही मारतो. वॉशनंतर कडांवर चंदेरी रंगाचा कोरडा कुंचला फिरविला की ती परत येते.

घरी केलेला वॉश

कंपनी रंगमाला बदलते, डबीचा आकार बदलते, नाव तेच ठेवून आतला द्रव बदलते. मोठी फौज चार-पाच वर्षे रंगविणाऱ्यासाठी याला एकच पक्का उतारा आहे, तो म्हणजे स्वतःचे मिश्रण. घटक अवघड नाहीत. एक भाग अ‍ॅक्रिलिक इंक किंवा उत्तम प्रतीचा अ‍ॅक्रिलिक रंग, चार-पाच भाग मॅट मीडियम, तितकेच डिस्टिल्ड पाणी आणि चित्रकलेच्या दुकानात मिळणाऱ्या 'फ्लो इम्प्रूव्हर'चे काही थेंब. बॅटरीसाठी विकले जाणारे डिस्टिल्ड पाणी चालते. भांडी घासायच्या साबणाचा थेंबही पृष्ठताण कमी करतो, परंतु तो फेस आणतो आणि बुडबुडे फुटल्याच्या खुणा मूर्तीवर राहतात. अमेरिकेत फरशीला लावायचे पारदर्शक अ‍ॅक्रिलिक पॉलिश पाण्यात मिसळून वॉश करण्याची प्रथा होती. तो खाचेत चांगला उतरे, पण चकाके.

वर दिलेले प्रमाण हा आरंभबिंदू आहे. रंगद्रव्य कंपनीगणिक बदलते, म्हणून ते तपासून घ्यावे लागते. चाचणीसाठी काही जण प्लॅस्टिकचे चमचे रंगवितात. चमच्यावर डागाची वर्तुळे छान तपासता येतात, पण त्याला खाच नसते. म्हणून सोबत एखादी निरुपयोगी मूर्ती किंवा उरलेले सुटे हात-पाय घ्यावेत. अस्तर तेच, मूळ रंग तोच, कुंचला तोच ठेवून शेजारीशेजारी दोन वॉश लावावेत आणि पूर्ण वाळल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी, उन्हाच्या उजेडात पाहावेत. ओला असताना प्रत्येक वॉश देखणा आणि गडद दिसतो. खाचेतली गडदता, सपाट भागावरचा डाग आणि तिरप्या उजेडातली तकाकी या तिन्ही गोष्टी वाळल्यावरच खऱ्या कळतात.

मिश्रण एका वेळी शंभर मिलिलिटरहून अधिक करू नये. नळाचे पाणी किंवा घाणेरडा कुंचला आत गेला तर त्याला कुबट वास येऊ लागतो आणि बुरशी धरते. असा वॉश फेकूनच द्यावा. बाटलीत स्टीलची लहान गोळी टाकली तर हलविणे सोपे जाते, मात्र ती न गंजणारी हवी, अन्यथा काळा वॉश काही महिन्यांत तांबूस होतो. बाटलीवर तारीख, थेंबांचे प्रमाण आणि वापरलेल्या इंकचे नाव लिहावे, आणि रंगविलेली चाचणीची मूर्ती त्याच डब्यात ठेवावी. पुढची तुकडी रंगविताना नव्या मिश्रणाची तुलना तिच्याशी करता येते.